हॉल मोठा, खोल्या लहान

आषाढी पौर्णिमा होऊन दहा दिवस झाले. लातुरात रोज आभाळ भरून येतं, दुपारभर जीव नकोसा करतं आणि संध्याकाळी चार थेंब टाकून उदगीरकडं निघून जातं. काल कॉलेजातून येताना फुलवाल्या मावशीच्या टोपलीत निशिगंधाच्या काड्या दिसल्या आणि मला भीतीच वाटली. फुलं बघून घाबरणारी बाई जगात मी एकटीच असेन. मावशी म्हणाली, "घ्या की मॅडम, ताजे हायत." मी न घेताच पुढं निघाले, कोपऱ्यावरून परत आले आणि दोन जुड्या घेतल्या.

पांढरी फुलं दिसली की वर्षावास लागला. आषाढी पौर्णिमा ते अश्विनी पौर्णिमा, पावसाळ्याचे तीन महिने. जुन्या काळी भिक्खू या दिवसांत फिरणं थांबवून एका जागी राहायचे. आमच्या बौद्ध वस्त्यांमधून या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका पांढऱ्या साड्या नेसून जमतात. बुद्धमूर्तीपुढं फुलं, मेणबत्ती, मग वंदना. नंतर एकजण वाचते आणि बाकीच्या ऐकतात. नांदेडात आमच्या कॉलनीत विहारासाठी जागा सुटलेली आहे, तिथं बोर्डही लागलेला आहे, पण विहार काही झालेलं नाही. म्हणून मला कळतं तेव्हापासून हे वाचन आमच्या घरी होतं.

आणि म्हणूनच ते घर विकलं जात नव्हतं, असं मला वाटायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, नंतर मुकादम झाले. उन्हातान्हात रुळावर आयुष्य काढलेला माणूस, पण घर बांधायला निघाला तेव्हा कुणाचं ऐकेना. किल्लारीकडचा भूकंप होऊन फार वर्षं झालेली नव्हती आणि आमच्याकडं सगळ्यांच्याच मनात स्लॅबची भीती बसली होती. मिस्त्रीनं सांगितलं तेवढ्यात भागणार नाही म्हणून अण्णांनी प्रत्येक खांबात गज जास्तीचे घालायला लावले. मिस्त्री म्हणायचा, "मुकादम, ह्याच्यावरून मालगाडी न्यायची काय?" आणि हॉल असा केला, की बाकीच्या घराला जागाच उरली नाही. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीनं बाहेर थांबायचं. झोपायच्या खोल्या दोन, त्यात पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धंच उघडणार. पण हॉलमध्ये चाळीस बायका मांडीला मांडी लावून बसतात. मायनं तेव्हा एकदाच विचारलं म्हणे, "आपुन राहायचं कुठं?" तर अण्णा म्हणाले, "राहायला काय, कुठं बी राहू. बसायला जागा पायजे."

अण्णा गेले त्याला आता सात वर्षं झाली. माय नांदेडात एकटी आणि मी, त्यांची एकुलती एक लेक, लातुरात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझा नवरा प्रदीप बँकेत आहे. मायला शुगर, बीपी, गुडघे, सगळं आहे. मी मूळची काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्याकडं बघूनच कुणीतरी काढली असावी. सकाळी सातला फोन, संध्याकाळी साडेसातला फोन. दोन रिंगांत उचलला नाही, की मला गॅसपासून सापापर्यंत सगळं दिसायला लागतं.

"माय, लातूरला ये," असं मी किती वर्षं म्हणत होते कोण जाणे. तिचं उत्तर ठरलेलं. "घराला कुलूप घालून म्या कुठं यायची न्हाई. बंद घर मरतं बाई. कुणाच्या तरी हातात देते, मग येते." अण्णांची बदली झाली तेव्हा गावातलं त्यांचं घर कुलूप लावून ठेवलेलं, ते चार पावसाळ्यांत बसलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. भाडेकरू ठेवू म्हटलं, तर म्हणाली, "भाड्याच्या माणसाला घराची माया नसते." म्हणजे घर विकलं जाईल तेव्हाच माय माझ्याजवळ येणार. एवढा सरळ हिशेब होता आणि त्याच्यावर माझा जीव टांगलेला होता.

मागच्या उन्हाळ्यात घर विकायला काढलं. एजंट मिळाला तो बबलूभाई. साठीचा गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, जुनी स्कूटर. पहिल्याच भेटीत सगळं घर फिरला, खांबांवर थाप मारली आणि म्हणाला, "ताई, घर एक नंबर हाय. पाडायचं म्हणलं तरी पडायचं न्हाई. पण मार्केट एकदम ठंडा हाय. बायपासला नवे प्लॉट पडायलेत, नवे फ्लॅट व्हायलेत, लोकान्ला लिफ्ट पायजे. आनि तुमचा हॉल मोठा, खोल्या लहान. पार्टी येईल. सबर करा."

सबर हा माझा प्रांत नाही. शाळा सुरू व्हायच्या आत घर जाईल म्हणाले, तर जून उजाडला. प्रत्येक रविवारी मी सकाळची बस धरून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची. घर पुसायची, पडदे बदलायची, गिऱ्हाइकांपुढं हसायची. संध्याकाळी तोंड पाडून परत. मायचं एक निरीक्षण होतं. "चहा नको म्हणले, की घर बी नको समज." आणि खरंच, बहुतेकजण म्हणायचे, "आत्ताच घेतला हो, नाष्टा पण झालाय." घर बघायचा एक क्रम असतो, तो मला पाठ झाला. आधी नळ सोडून बघायचा. मग छतावर ओल. मग बोअरला पाणी किती फुटांवर. मग सहज विचारल्यासारखं, "मूळ गाव कोणतं तुमचं?" गावावरून काही कळलं नाही तर, "साहेब कशात होते?" आणि शेवटी इकडंतिकडं बघत, "देवघर दिसत नाही?" हॉलच्या भिंतीवर मधोमध बुद्धाची मूर्ती, दोन्ही बाजूंना तसबिरी, फाटकावर अण्णांच्या मित्रानं वेल्डिंग करून दिलेलं धम्मचक्र. आंधळ्यालाही दिसावं. तरी विचारायचे. माय मूर्तीकडं हात करायची. मग म्हणायचे, "बरं बरं. घरी विचारून सांगतो."

घरी विचारून कुणी सांगितलं नाही.

सगळेच त्यासाठी गेले, असं मी म्हणणार नाही. कुणाला खोल्या लहान वाटल्या असतील, कुणाला लिफ्ट हवी असेल. पण ज्याला माहीत नसतं नेमकं काय आडवं येतंय, त्याला सगळंच आडवं आल्यासारखं वाटतं. मी बबलूभाईंना शेवटी तोंड फोडून विचारलं. त्यांनी स्कूटरचा आरसा पुसला. "ताई, बुरा मानू नका. माझं नाव अब्दुल गफूर हाय. फोनवर बबलू सांगतो. बबलू म्हणलं की पार्टी घर बघायला तरी येते. आता तुमी समजदार हाव." एवढं बोलून त्यांनी किक मारली. स्कूटर चालू होईना, तेव्हा दोघांनाही हसू आलं.

त्या हसण्यातून मला जी अक्कल सुचली, तिची लाज मला आजही वाटते. बबलूभाई नाव बदलतात, तर आपण निदान चार महिने भिंत बदलू. पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते. मी मायला म्हटलं, "यंदा वाचन शेवंताबाईंकडं घेऊ दे. गिऱ्हाईक संध्याकाळचं येतं. हॉलमध्ये एवढ्या बायका बसलेल्या, कुठं फिरून दाखवायचं घर?" हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी बोलले नाही. माय डाळ निवडत होती. तिची बोटं थांबली नाहीत. "तुला बरं वाटत असंल तर कर," म्हणाली. मला वाटलं, ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मूर्ती मी मायच्याच पांढऱ्या साडीत गुंडाळली आणि लोखंडी कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली, कारण खालच्या कप्प्यांत कपडे होते आणि मूर्ती पायाजवळ कशी ठेवायची? तसबिरी पलंगाखाली ठेवता येत नाहीत म्हणून त्याही तिथंच, वर. एवढं भान होतं मला, बघा. फाटकावरच्या चक्राचं काय करायचं? तोडायची हिंमत नव्हती. मग वाचनाची मोठी सतरंजी रविवारी फाटकावर वाळत घालायची युक्ती काढली. एका रविवारी झडच लागली. शेवंताबाई छत्री घेऊन जाता जाता थांबल्या. त्या तिसऱ्या घरातल्या, मायच्या जिवाभावाच्या. म्हणाल्या, "काय गं, प्रोफेसर झालीस नं तू? पावसात सतरंजी वाळत घालतेत व्हय?" मी म्हटलं, "धुऊन निघतेय." त्यांनी चक्राची सतरंजीखालून डोकावणारी कड बघितला, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेल्या. शेवंताबाई गप्प बसलेल्या मी त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

एक जोडपं आलं होतं, ते मला विसरता येत नाही. नवरा शांत, बायको चौकस. हॉलमध्ये आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. रंग जुना झालेला, पण मूर्ती आणि तसबिरी होत्या तेवढ्याच जागी भिंत उजळ. तीन चौकोन, मधला मोठा. ती म्हणाली, "इथं काय होतं?"

"कॅलेंडर," मी म्हटलं.

"तीन?"

माय दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी "हो" म्हटलं. मायनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आत गेली. त्या बाईनं मग खालच्या आवाजात विचारलं, "नाही म्हणजे, कुणी वारलंय का या घरात? फार गपगार वाटतंय म्हणून विचारलं." चाळीस बायकांच्या आवाजाला सरावलेलं घर ते. गपगार वाटणारच की. मी अण्णांचं सांगत बसले, ते दवाखान्यात गेले, घरात नाही, वगैरे वगैरे. तोवर नवरा चपला घालायला लागला होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी लोक आम्हाला बघून जायचे, आता आम्ही दिसत नाही म्हणून जायला लागले.

स्वयंपाकघरात गेले तर माय ओट्याला टेकून उभी. मला वाटलं रडते की काय. ती म्हणाली, "अण्णाला म्या रोज सांगते बरं का, पोरीनं कॅलेंडरं काढून ठेवली म्हणून." आणि हसली. त्या हसण्यानं मला जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा बरी वाटत होती, तीही सांगून टाकते. आधी वर्षावासात संध्याकाळचा फोन केला की भलतीच कुणीतरी उचलायची. "माय वाचायलीय बाई, अर्ध्या तासानं कर." मागं एकसुरात वाचन, मध्ये कुणाचं खोकणं, कुणाचं लेकरू. मला तिचा आवाज ऐकायचा असायचा आणि या बाया मध्ये. मी चिडायची. गेल्या वर्षी पहिल्या रिंगला मायच फोन उचलायची. मी प्रदीपला म्हटलं सुद्धा, "बघ, आता कसं निवांत बोलता येतं तिच्याशी." पहिल्या रिंगला फोन उचलणारं म्हातारं माणूस फोनजवळच बसलेलं असतं, एवढं साधं मला कळलं नाही. गुडघा बरा असला की ती शेवंताबाईंकडं वाचनाला जायची. दुखला की घरीच. मध्ये नाली आहे, तिच्यावरची फरशी डगमगते आणि शेवंताबाईंच्या पायऱ्या उंच. चार दिवस जायची, तीन दिवस नाही.

भाद्रपदातली गोष्ट. पितृपंधरवडा लागलेला, म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा बंद. बबलूभाई म्हणाले होते, "आता पंधरा दिवस आराम करा ताई, कुनी घर बघत न्हाई." त्या संध्याकाळी साडेसातला फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. आणि मी, जिला दोन रिंगांत साप दिसतो ती मी, म्हटलं, "गेली असेल वाचनाला." आणि पेपर तपासायला बसले. आयुष्यभर नको तिथं काळजी केली. त्या एका संध्याकाळी केली नाही.

माय पडली होती. रोज संध्याकाळी ती कपाट उघडून मूर्तीसमोर एक फूल ठेवत होती, हे मला माहीतच नव्हतं. मूर्ती वरच्या कप्प्यात. हात पुरत नाही म्हणून स्टूल. स्टूल घसरलं. सातला, तिकडं वंदना सुरू होता होता पडली, ते साडेआठपर्यंत फरशीवर. मनगट मोडलं होतं आणि कमरेला असा मुका मार, की उठता येईना. दीड तासानं शेवंताबाई खिरीचा डबा घेऊन आल्या, कारण त्या दिवशी कुणाचं तरी खीरदान होतं आणि मायचा वाटा राहिला होता. त्यांनी आरडाओरडा केला, माणसं जमवली, ऑटो बोलावला. मला फोन आला तेव्हा माझ्या हातात तांबडा पेन होता. तो मी बसस्टँडपर्यंत तसाच नेला.

दवाखान्यात मायचा हात प्लास्टरमध्ये, चेहरा खाटेवरच्या चादरीसारखा पांढरा. मी रडत विचारलं, "हाक का नाही मारलीस? तिसऱ्या घरात एवढ्या बाया होत्या. तुला ऐकू येत होत्या नं त्या?"

"हाव, येत हुत्या की. समदं ऐकू आलं." मग म्हणाली, "वाचन चालू हुतं बाई. मधीच कशी हाक मारू?"

एवढंच. तिनं मला बोल लावला नाही, स्टुलाचं नाव काढलं नाही. पडल्या पडल्या तिनं त्यांच्यासोबत वंदना म्हटली, वाचन ऐकलं आणि संपायची वाट बघत राहिली. मी तिच्या पायांजवळ बसून राहिले. शेवंताबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडं जायला मला पाऊण तास लागला. गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "रडू नगस. पर एक सांगते. चाळीस बायांची राखण हुती तुझ्या मायला. तू ती उठवलीस." कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी मूर्ती खाली काढली. तसबिरी पुसल्या, लावल्या. चौकोन झाकले गेले. सतरंजीला पावसाची बुरशी चढली होती, ती दोनदा धुतली तेव्हा वास गेला. उरलेला वर्षावास वाचन पुन्हा आमच्या हॉलमध्ये झालं आणि माय पलंगावरून ऐकायची. लातूरला ये म्हटलं, तर तेच, "घर कुणाच्या हातात दे, मग येते." बबलूभाईंना मी सांगितलं, "आता घर संध्याकाळी सात ते आठ एवढंच दाखवायचं. वाचन चालू असताना." ते म्हणाले, "ताई, असं कुनी धंदा करतं का?" मी म्हटलं, "मी करते." तर म्हणाले, "ठीक हाय. तुमची मर्जी. मंग मी बी सांगतो पार्टीला, घर गफूरभाईनं आनलंय म्हणून. बघू, कोन येतं ते."

कुणीही आलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवंताबाई म्हणायच्या, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मी शहाणपण शिकले होते, पण शहाणपणानं काळजी थोडीच जाते? उलट वाढली. आता मला पडल्यावर माणूस कसं दिसतं तेही माहीत झालं होतं. वर्गात शिकवताना हाडांचा धडा आला की माझा आवाज जायचा. मायचं मनगट वाकडंच जुळलं. भाकरी थापता येईना, तर ती डाव्या हातानं थापायला शिकली आणि मला फोनवर सांगायची, "आज गोल झाली बरं का." मी इकडं डोळे पुसायची. एका बाजूला माझी माय रोज म्हातारी होत होती, दुसऱ्या बाजूला ते घर हट्टानं तसंच उभं होतं आणि मधल्या एसटीत मी.

यंदाच्या पौर्णिमेला मी तीन दिवस रजा टाकून नांदेडला गेले. वाचन सुरू झालं त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी गफूरभाई एका बाईला घेऊन आले. दवाखान्यात नर्स आहे, दोन मुली आहेत, नवरा नाही, एवढं त्यांनी दारातच सांगितलं. वाचन चालू होतं. ती बाई थबकली. तिनं चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला बसली. मला वाटलं, अवघडली असेल, आता उठेल. उठली नाही. शेवटपर्यंत ऐकलं, मधून मधून छताकडं, खांबांकडं बघत. बायका गेल्यावर तिनं नळ सोडून बघितला, ओल बघितली, बोअरचं विचारलं. मग म्हणाली, "खोल्या लई लहान हायत. पण पोरी अभ्यासाला हॉलमधीच बसतील. माझी ड्यूटी असती तेव्हा आजूबाजूला माणसं असावीत, बास." चहा घेतला. वर अर्धा कप मागून घेतला. मग घासाघीस केली, ती मात्र चांगली करकचून केली. साधीभोळी वगैरे अजिबात नाही.

शनिवारी गफूरभाईंचा फोन आला. "ताई, मुबारक. पार्टी तयार हाय. दिवाळीपर्यंत ताबा पायजे म्हणते. तुमचं वाचन पुरं करून घ्या, म्हणाली." मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. इतके महिने या एका फोनसाठी जीव टांगलेला होता. आनंद झाला का? झाला. पण त्याच्या मागोमाग भीतीसुद्धा आली आणि ती कसली हे मला लगेच कळलं नाही.

रविवारी नांदेडला गेले. संध्याकाळी वाचन झालं, बायका पांगल्या, शेवंताबाई सतरंजीचं एक टोक धरून घडी घालू लागल्या आणि दुसरं टोक मी धरलं. मायला बातमी आधीच कळली होती. ती खांबाला पाठ लावून बसली होती. मला वाटलं, आता ती अण्णांचं काढेल, रडेल. पण मायच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"पुढच्या साली वर्षावास तुझ्याकडं," ती म्हणाली. "तिथं बसता यील नं वाचायला?"

"येईल की."

"किती बाया येत्याल?"

मी घडी तशीच हातात धरून उभी राहिले. माझ्या लातूरच्या बिल्डिंगीत सोळा फ्लॅट आहेत आणि त्यांत आपल्यातलं कुणी आहे का, हे मला माहीत नाही. नऊ वर्षं मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला विचारू नये अशी वागले. प्रदीपचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही अंदाज येत नाही. आमच्या दारावर तेही नाही, नुसता आकडा आहे, दोनशे चार. घरात मूर्ती आहे, टीव्हीशेजारी, काचेच्या कपाटात. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, "छान पीस आहे, कुठून घेतला?" मी म्हटलं होतं, "प्रदर्शनातून." नांदेडचं घर अडीच महिने जे सोंग घेऊन उभं होतं, ते माझं घर नऊ वर्षं घेऊन उभं आहे. तिथं गिऱ्हाईक येणार नव्हतं, विकायचं काही नव्हतं, तरीही.

"दोघी," मी म्हटलं. "तू आणि मी."

"चालतं की. दोघी बी लई झाल्या." मायनं वाकडं मनगट मांडीवर चोळलं. "म्या ऐकते, तू वाच. पर वाचताना दार लावीत नसतेत, ठावं हाय नं तुला? जिन्यावरनं जाणाऱ्याच्या बी कानावर पडलं पायजे. ठिवशील उघडं?"

शेवंताबाई सतरंजीचं टोक सोडून माझ्याकडं बघत होत्या. मला आमचा जिना दिसला, समोरचं दार दिसलं, दारातल्या काकू दिसल्या.

मी हो म्हटलं. पहिल्यांदा नीट आवाज फुटला नाही, म्हणून मायनं "काय?" विचारलं. मग पुन्हा म्हटलं, तिला ऐकू जाईल असं.